‘कुठून क्रॉस करत होत्या?’

आत्याला स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेत होते, तेव्हा हवालदारांनी मला पहिला प्रश्न विचारला, “कुठून क्रॉस करत होत्या?” मग तोच प्रश्न डॉक्टरांनी विचारला, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी विचारला आणि रात्री फोनवर माझ्या काकांनीही विचारला. आत्या सांगलीहून पुण्याला माझ्याकडे चार दिवस आली होती. झेब्रा क्रॉसिंगवरूनच जात होती, पट्टे पुसट झालेले होते एवढंच. डाव्या मांडीचं हाड मोडलं. गाडी किती वेगात होती, हे मात्र त्या रात्री कुणीच विचारलं नाही.

नंतर दाव्याच्या कागदपत्रांसाठी वकिलांकडे खेपा घालताना मी हा कायदा मागे मागे वाचत गेलो. लक्षात आलं, की पायी चालणाऱ्याच्या हक्काचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे. चूक कुणाची हे आधी ठरवायचं, की नुकसान कुणी सोसायचं हे?

सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे. जुन्या इंग्लिश कायद्यात जखमी माणूस भरपाई मागू शकत असे. पण तो मेला, तर त्याच्या घरच्यांना काहीच मिळत नसे. म्हणजे पाय मोडण्यापेक्षा माणूस मारणं स्वस्त. रेल्वे आल्यावर हे फारच बोचू लागलं आणि इंग्लंडनं १८४६ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८५५ मध्ये तसाच कायदा इथेही झाला. त्यात भरपाई मिळणार होती ती फक्त नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी. शिवाय चूक सिद्ध करायची आणि तीही दिवाणी कोर्टात, वर्षानुवर्षं.

पुढचा मोठा टप्पा १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्यात ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा झाला. ती तरतूद १ जुलै १९४६ पासून लागू झाली. गाडीमालक पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि रस्त्यावरचा माणूस तिसरा. आपण गाडीचा विमा दरवर्षी कटकट म्हणून भरतो, तो मुळात या तिसऱ्या माणसासाठी आहे. १९५६ च्या दुरुस्तीनं अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आणली.

चुकीचा प्रश्न मात्र तसाच होता. मुंबईच्या एका खटल्यात उच्च न्यायालयानं म्हटलं, की सार्वजनिक रस्त्यावर गाडीमुळे इजा झाली एवढं पुरे, निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मत खोडून काढलं : पुरावा लागेलच. आता विचार करा, बेशुद्ध पडलेल्या माणसानं पुरावा कुठून आणायचा? आणि ठोकून पळून गेलेल्या गाडीचं काय?

याचं उत्तर संसदेनं १९८२ मध्ये दिलं. मृत्यूला १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५००, तेही चूक कुणाची हे न विचारता. पळून गेलेल्या गाडीसाठी वेगळा निधी झाला, त्यातून मृत्यूला ५,००० रुपये. रक्कम किरकोळ होती, पण प्रश्नाचा क्रम पहिल्यांदा बदलला. १९८७ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची भरपाई भावाला मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. १८५५ च्या यादीत भाऊ नव्हता. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं, की स्वतःची चूक नसताना गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला भरपाई मिळालीच पाहिजे, नाहीतर सामाजिक न्यायाला अर्थ उरत नाही.

आज १९८८ चा कायदा आणि त्यातली २०१९ ची दुरुस्ती लागू आहे. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. जास्त हवे असतील तर निष्काळजीपणा दाखवून वेगळ्या कलमाखाली दावा करायचा. दोन्हींतला एकच मार्ग निवडता येतो. गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. दावा अपघात झाला त्याच शहरात करावा लागतो असंही नाही, जखमी माणूस राहतो तिथेही चालतो. आम्ही सांगलीलाच केला.

आणि मुदत सहा महिने. ही मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आणली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. आमचे पहिले चार महिने ऑपरेशन, फिजिओथेरपी आणि ‘बघू नंतर’ यातच गेले होते. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची प्रत्येक पावती आणि डिस्चार्ज कार्ड पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा. रस्त्याचे फोटोही त्याच दिवशी काढा. आम्ही गेलो तोवर झेब्र्याचे पट्टे नव्यानं रंगवून झाले होते.

अर्ज भरताना एका रकान्यात आम्ही अडकलो : मासिक उत्पन्न. आत्या म्हणाली, “लिही की शून्य. मी कुठं कमावते?” चाळीस वर्षं ती पहाटे उठून सात माणसांचं घर चालवते आहे. मी तिला २०१० आणि २०२१ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सांगितले. गृहिणीच्या कामाला पैशात किंमत आहे आणि भरपाई ठरवताना ती धरलीच पाहिजे, असं त्यात म्हटलंय. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग नीट हिशेब कर. दळण-कांडपही धर.”

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माझ्या घरासमोरच्या फूटपाथवर आजही दुचाक्या लागलेल्या असतात.

आत्या आता काठी घेऊन चालते. दाव्याची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. परवा फोनवर तिनं विचारलं, “कोर्टात मला काय विचारतील रे?” मी म्हटलं, “कुठून क्रॉस करत होता, ते विचारतील.” ती म्हणाली, “विचारू देत. मीही विचारेन, त्यो किती जोरात चालला होता.”