गाळाचे देणे

तलावात येणारे सांडपाणी अडवले की तलाव आपोआप स्वच्छ होईल, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या सांडपाण्याचा साठा तळच्या गाळात शिल्लक राहतो.

चंद्रपूरचा गोंडकालीन रामाळा तलाव घ्या. शहराचे सांडपाणी त्यात वर्षानुवर्षे उतरले, इकॉर्नियाने पाणी झाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी तलावासाठी उपोषण केले आणि खोलीकरणाचे काम मार्गी लागले. गाळ काढण्याचा आग्रह कशासाठी? केवळ पाणी जास्त मावावे म्हणून नव्हे.

सांडपाण्यातून स्फुरद येते. तळाशी प्राणवायू असेल तोवर गाळातील लोह त्याला धरून ठेवते. सडत्या शेवाळाने आणि वनस्पतींनी प्राणवायू संपवला की लोहाची पकड सुटते आणि स्फुरद पुन्हा पाण्यात येते. त्यावर नवे शेवाळ वाढते, तेही सडते आणि पुन्हा प्राणवायू खाते. इंग्लंडमधील सरोवरांचा अभ्यास करून क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये ही क्रिया तपशिलाने मांडली.

स्वीडनमधील ट्रुमेन सरोवराने ती पटवून दिली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथले सांडपाणी दुसरीकडे वळवले, तरी सुमारे दहा वर्षांनंतरही सरोवर सुधारले नव्हते. १९७० आणि १९७१ मध्ये मिळून सुमारे एक मीटर गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळले.

आता आपल्या जंगलपट्टीकडे वळू. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातील एका वस्तीचे नाव आजही तेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील कितीतरी तलाव त्या काळातले आणि पुढे मालगुजारांच्या काळातले. उन्हाळ्यात पाणी आटले की शेतकरी तळचा गाळ बैलगाडीने धानाच्या बांधीत नेत. पाण्यात घाण ठरणारे स्फुरद शेतात खत होई. मला या रीतीत मोठे शहाणपण दिसते. एकाच फेरीत तलाव मोकळा होई आणि शेत सकस होई.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. लोक त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणू लागले. पाळ, पाट आणि गाळ यांची गावाने वाहिलेली काळजी मात्र हळूहळू सुटत गेली. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तेव्हा हीच जुनी रीत कागदावर आली.

एक सावधगिरी मात्र हवी. शहरी तलावाच्या गाळात जड धातूही असू शकतात. तो तपासल्याशिवाय शेतात टाकू नये. आणि क्रमही चुकवू नये. आधी नाला अडवावा, मग गाळ काढावा. नाला वाहता ठेवून केलेला उपसा म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी भरणे होय.