४३१७२०: निरोपाला वाट दाखवणारे सहा आकडे

आजचा भाग परभणी जिल्ह्यातल्या पालममधून निघतो आणि थेट जावा या प्रोग्रामिंग भाषेपर्यंत जातो. मधला धागा एकच आहे. निरोप योग्य दारी पोचतो कसा, आणि नाही पोचला तर तो कुठे अडकला हे शोधायचं कसं?

आधी एक गंमत. आपल्या देशात पालम एकच नाही. एक आपलं, गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागणारं तालुक्याचं गाव. दुसरं दिल्लीतलं, ज्याच्या नावानं तिथला विमानतळ कित्येक वर्षं ओळखला जायचा. आता समजा, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कुणी पाकिटावर घाईघाईत नुसतं ‘पालम’ लिहिलं, जिल्हा लिहायचा राहून गेला. किंवा मराठीत लिहिलेला पत्ता मराठी न येणाऱ्या सॉर्टरच्या हातात पडला. तो माणूस कितीही हुशार असू दे, त्याच्यासमोर माहितीच अपुरी होती.

त्यात मराठवाड्याची आणखी एक अडचण. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं टपाल खातं वेगळं, तिकिटंही वेगळी. मग १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव जागेवरच होतं, पण पत्त्यातली शेवटची ओळ बदलत राहिली.

वेलणकरांची युक्ती

या गोंधळावर उपाय काढला एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर तेव्हा केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी होते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला.

आकडे सहाच, पण रचना बघा. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचं छत्तीसगड. दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसपर्यंत नेणारे. ९ हा आकडा सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला.

यातली खरी हुशारी कशात आहे? दिल्लीतल्या सॉर्टरला पालम कुठे आहे हे माहीत असायची गरजच उरली नाही. त्यानं ४ बघायचा आणि पत्र आपल्या दिशेला लावायचं. पुढचा माणूस पुढचा आकडा बघणार. पूर्ण नकाशा कुणाच्याच डोक्यात नाही, तरी पत्र पोचतं.

आणि ही वाट कलेक्टर ऑफिसच्या नकाशावरून जातेच असं नाही. पालमचा पिनकोड ४३१७२०. शेजारच्या गंगाखेडचा ४३१५१४. दोन्ही परभणी जिल्ह्यातच, पण पालमचा आकडा जुळतो तो नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याशी, म्हणजे ४३१७०८ शी. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी हिंगोली शहराचा ४३१५१३ तसाच राहिला. नावं आणि हद्दी बदलल्या तरी वाट मोडली नाही.

मग कॉम्प्युटरमध्ये टपाल आलं

आता थोडी उडी मारू. बँक, विमा कंपनी, सरकारी पोर्टल यांची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेली असतात. त्यांनी एकमेकांना निरोप पाठवायचे कसे? २००३ मध्ये ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांचं ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ हे पुस्तक आलं. निरोप फिरवण्याच्या नेहमीच्या पद्धतींना त्यांनी नावं दिली. त्याच पद्धती जावामध्ये वापरता याव्यात म्हणून २००७ मध्ये अपाचे कॅमल हे फ्रेमवर्क आलं.

कॅमलमध्ये तुम्ही ‘रूट’ लिहिता. निरोप इथून घे, तिथे दे. मधे ‘चॉइस’ लावता: असं असेल तर या वाटेनं, तसं असेल तर त्या वाटेनं, आणि यातलं काहीच नसेल तर ‘अदरवाइज’. निरोपाला दोन भाग असतात, बॉडी आणि हेडर. बॉडी म्हणजे पाकिटातलं पत्र, हेडर म्हणजे पाकिटावर लिहिलेलं. पिनकोड बघून पत्र लावणारा सॉर्टर आणि हेडर बघून निरोप वळवणारा चॉइस, काम एकच.

आता समजा, पीक विम्याच्या अर्जांचा असा एक रूट आहे. तालुका ‘पालम’ असेल तर अर्ज अमुक रांगेत टाक, असं त्यात लिहिलंय. एका अर्जात ‘पालम’नंतर चुकून एक स्पेस पडली. माणसाच्या डोळ्याला ती दिसतही नाही, पण मशीनसाठी ते वेगळंच गाव झालं. वर अदरवाइज लिहायचा राहिलेला. अशा वेळी कॅमल आरडाओरडा करत नाही. निरोप चॉइस ओलांडून गुपचूप पुढे निघून जातो. एरर नाही की लाल अक्षरं नाहीत. इकडे शेतकरी वाट बघतोय आणि तिकडे स्क्रीनवर सगळं हिरवंगार!

हरवलेल्याचा पत्ता

याचं उत्तरही टपाल खात्याकडे आधीपासून होतं. वाटेतल्या ऑफिसांचे शिक्के पाकिटावर पडायचे, त्यावरून पत्र कुठवर आलं ते कळायचं. कॅमलमध्ये हेच काम मेसेज हिस्टरी आणि ट्रेसर करतात. आणि ज्या पत्राला घर सापडत नाही आणि परत पाठवायचा पत्ताही नाही, त्याच्यासाठी डेड लेटर ऑफिस होतं. पुढे त्याला रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. नेमलेला कर्मचारी तिथे पत्र उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतो. कॅमलमधल्या सोयीचं नाव काय, माहितीये? डेड लेटर चॅनेल! पण ती आपणहून चालू होत नाही, लिहिणाऱ्यानं लावावी लागते.

वेलणकर संस्कृतचे कवीही होते. त्यांचं एक विलोमकाव्य आहे. सरळ वाचलं तर रामाची स्तुती, उलट वाचलं तर कृष्णाची. डीबगिंग करतानाही असंच उलटं वाचावं लागतं. निरोप शेवटी कुठे दिसला तिथून एकेक पाऊल मागे यायचं.

चूक कुठल्याही व्यवस्थेत होते. ती चांगली की वाईट, हे ठरतं एका प्रश्नावर: हरवलेल्या निरोपाला तिथे जागा आहे का, आणि कुणी तो उघडून बघतं का? तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताय, त्यांनी पुढचा रूट लिहिताना आधी अदरवाइज लिहा. बाकीच्यांनी घरातलं एखादं जुनं पाकीट काढा, शिक्के वाचा आणि ते कुठून कुठून फिरून आलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!