उभयलैंगिकता व सर्वलैंगिकता

एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटणे म्हणजे उभयलैंगिकता. आणि ज्या आकर्षणात समोरच्या व्यक्तीचा लिंगभाव निर्णायकच ठरत नाही ती सर्वलैंगिकता, असा भेद सामान्यतः केला जातो. लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली शून्य ते सहा अंशांची मोजपट्टी भिन्नलिंगी व समलिंगी या दोन टोकांमध्येच आखलेली असल्याने सर्वलैंगिकतेस तीत स्थान मिळणे कठीण होते. तथापि उभयलैंगिकांस केवळ स्त्री व पुरुष यांचेच आकर्षण वाटते, हा सर्रास आढळणारा समज मात्र निराधार होय. कारण अमेरिकेतील ‘एनीथिंग दॅट मूव्ह्ज’ या उभयलैंगिकांच्या नियतकालिकाशी निगडित असलेल्या १९९० च्या जाहीरनाम्यातच, लिंगभाव दोनच आहेत असे गृहीत धरू नये, अशी स्पष्ट ताकीद दिलेली आहे. मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये सिद्ध केलेल्या उभयलैंगिक ध्वजात गुलाबी व निळ्या रंगांमध्ये जांभळा पट्टा आहे. सर्वलैंगिक ध्वजात त्या जागी पिवळा येतो, आणि तो स्त्री-पुरुष या द्वंद्वाबाहेरील व्यक्तींचा द्योतक मानतात. दोन्ही संज्ञांची क्षेत्रे परस्परांत बरीच मिसळलेली असून कित्येक जण दोन्ही स्वीकारतात. त्यामुळे स्वतःची नोंद कोणत्या सदरात करावी, हा अखत्यार ज्याचा त्याचाच समजावा.