स्वस्त तार आणि पारखी कान

तबकडीचें यंत्र ॲम्प्लिफायरला जोडणारी हातभर लांबीची तार विकत घेतांना संगीताचा रसिक हटकून गोंधळतो. एकाच कामाची एक तार अगदीं थोडक्या रुपयांत मिळते, तर दुसरीसाठीं कित्येक हजार मोजावे लागतात. महाग तारेंतून गाणें अधिक मोकळें व गोड येतें, असें विकणारा सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही पुष्कळदां तसेंच वाटतें. हें वाटणें खरें कीं मनाचा खेळ, याचा निवाडा करण्याची रीत मात्र माणसाला एका दिवसांत सांपडलेली नाहीं. तिच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ समुद्राच्या तळाशीं होतो. 1858 सालच्या ऑगस्टमध्यें आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें पहिली तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोंचण्यास सुमारें 16 तास लागले. असें कां व्हावें, याचें उत्तर विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञानें 1854 सालींच दिलें होतें. तांब्याचा गाभा, त्याभोंवतींचें गटापर्चाचें वेष्टन व बाहेरचें पाणी मिळून विजेचें जणूं एक भांडेंच बनतें. प्रत्येक खुणेसाठीं तें भरावें व पुन्हां रितें व्हावें लागतें. शिवाय लांबी दुप्पट झाली कीं विलंब चौपट होतो. कंपनीचे विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हें गणित मान्य नव्हतें. त्यांनीं सुमारें 2000 व्होल्टांचा जोर लावला. मुळांतच सदोष असलेली ती तार तो जोर सोसूं शकली नाहीं आणि थोड्याच आठवड्यांत मुकी झाली. मापनाकडे पाठ फिरवून स्वतःच्या समजुतीवर विसंबल्याची ती किंमत होती. पुढें 1866 सालीं थॉमसनच्या देखरेखीखालीं टिकाऊ तार पडली. आणि जिनें ती टाकली, त्याच ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें 1870 सालीं मुंबई व एडन हीं बंदरें तारेनें जोडलीं.

तारेचे दोष गणितानें सांपडले. पण कानाची साक्ष कशी घ्यावी, हा प्रश्न तसाच राहिला. 1915 पासून एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत एक नवलाचा खेळ मांडला. रंगमंचावर गायिका व तबकडी एकत्र गात. मध्येंच दिवे मालवले जात, आणि अंधारांत गातें तें यंत्र कीं माणूस, हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें असे. कित्येक फसले. परंतु ॲना केस या प्रसिद्ध गायिकेनें उत्तरायुष्यांत सांगितलें कीं, यंत्राशीं जुळावा म्हणून ती आपला आवाजच आवरून घेत असे. डोळे बांधले म्हणजे परीक्षा निर्दोष झाली असें नव्हे. परीक्षा मांडणारा तटस्थ हवा आणि दोन्ही आवाज सारख्या जोराचे हवेत, हा धडा त्यांतून मिळतो.

हा धडा शास्त्रशुद्ध रीतीनें अंमलांत आणला तो बेल प्रयोगशाळेच्या मन्सन व गार्डनर यांनीं. 1950 सालीं त्यांनीं अशी पद्धत वर्णिली कीं, प्रथम दोन आवाज ऐकवावे, मग त्यांतलाच एक नांव न सांगतां ऐकवून तो कोणता हें विचारावें. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जाड व महाग तारांचा व्यापार अमेरिकेंत फोफावला, तेव्हां हीच रीत उपयोगी पडली. 1982 सालीं डेव्हिड क्लार्क यांनीं तिच्यासाठीं बनविलेल्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत कोणती तार चालूं आहे हें ऐकणाऱ्याला ठाऊक नसतें आणि ऐकविणाऱ्यालाही नसतें. पुढल्याच वर्षीं लॉरेन्स ग्रीनहिल यांनीं कर्ण्यांच्या तारांची परीक्षा घेतली. संगीत ऐकतांना महाग तार व दिव्याला लावतात तसली साधी जाड तार यांतला फरक श्रोत्यांना खात्रीनें ओळखतां आला नाहीं.

यंत्र व ॲम्प्लिफायर यांमधील जोडतारेचें काम तर त्याहून हलकें. तिच्यांतून प्रवाह नांवापुरताच वाहतो. थॉमसनचा ‘भांड्याचा’ हिशेब तिलाही लागू आहे. पण ज्या हिशेबानें महासागरी तार दोषी ठरली, तोच हिशेब मीटरभर तारेला निर्दोष सोडतो. अशा तारेंत विजेची सांठवण मीटरला साधारण 100 पिकोफॅरड असते. आजच्या यंत्राला ती जोडली तर तिचा अडथळा सेकंदाला दहा लाखांहून अधिक कंपनांपुढें जाणवूं लागेल. माणसाचा कान मात्र 20,000 च्या पुढें ऐकत नाहीं. अपवाद आहेत. चुंबकी सुईच्या तबकडी-यंत्राला तारेची सांठवण खरोखर बाधते. विरळ जाळीची तार बाहेरची घरघर आंत घेते. सैल किंवा गंजलेली खुंटी खरखरते. हे दोष खरे आहेत. पण ते हातानें, डोळ्यांनीं व मापकानें सांपडतात, किंमतीच्या चिठ्ठीनें नव्हे. सोनेरी मुलाम्याखालीं सैल टांका असेल, तर नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी गत व्हावयाची.

म्हणून पारख करावयाची ती आवाजाची पातळी मापकानें अगदीं सारखी करून, नांवें झांकून आणि पुनःपुन्हां. किंचित् मोठा आवाज कानाला नेहमींच अधिक गोड वाटतो. सोळा खेपांपैकीं बारा वेळां उत्तर बरोबर आलें, तर तें निव्वळ योगायोगानें येण्याचा संभव शंभरांत सुमारें चार; आठच वेळां आलें, तर नाणें उडवूनही तेवढेंच साधलें असतें. यांत कानाचा अपमान नाहीं. उलट किंमत, नांव व दुकानदाराचें बोलणें यांचें ओझें त्याच्यावरून उतरतें आणि तो एकटा साक्ष देऊं लागतो. त्या साक्षींत स्वस्त तार उत्तीर्ण झाली, तर वांचलेल्या पैशांत चार चांगल्या तबकड्या घरीं येतात. आणि त्यांतला फरक ओळखण्यास कोणतीही परीक्षा लागत नाहीं.