नुकसान कशातून वजा करायचे?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 साली बसवला. मागावरचा धोटा लाकडी, पण त्याची टोके पोलादी. तो मागातून सुटून उडाला तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जाऊ शकतो. तो डोळा आधीच अधू असेल तर भांडण लगेच शब्दावर येते. मालकाची बाजू म्हणते, “हे जुनंच दुखणं. यात नुकसान कसलं?”

नुकसान हा शब्द फारसीच्या वाटेने आला, मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ घटणे, उणे होणे. म्हणजे या शब्दातच वजाबाकी आहे, आणि ती एखाद्या धडधाकट माणसापासून करता येत नाही. त्या कामगाराकडे काल जे होते, त्यातूनच करावी लागते. म्हणून जुने केसपेपर लपवणे त्याच्याच मुळावर येते. मालकाचा मुद्दा इथवर खरा आहे. पण ज्याला एकाच डोळ्याने दिसते, त्याचा तोच गेला तर हाती काय उरते? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकात एका डोळ्यासाठी पुढे कमाईच्या कुवतीत 40 टक्के घट धरली गेली, पण ती दुसरा डोळा धड असेल तरच. ही अट मला फार मोलाची वाटते. लंडनच्या स्टेप्नी बरोच्या गॅरेजात एकाच डोळ्याने पाहणाऱ्या कामगाराच्या चांगल्या डोळ्यात धातूची कपची गेली. त्याचे अधूपण ठाऊक असूनही संरक्षक चष्मा दिला नव्हता. 1950 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की अशा माणसाची काळजी जास्त घ्यायला हवी होती.

आता दुखण्याची क्रियापदे पाहा. दुखणे उपटते, उचल खाते, चिघळते, बळावते. ‘उपटले’ म्हटले की ते आपले आपणच वर आले. ‘बळावले’ म्हटले की त्याला बळ कुठून मिळाले, हा प्रश्न येतोच. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांपुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण आले होते. त्याला हृदयविकार होता. निकाल 1954 च्या निकालसंग्रहात आहे, आणि त्याचे सूत्र असे: मृत्यू केवळ रोगाच्या ओघात आला असेल तर मालक जबाबदार नाही. कामाच्या ताणाने त्याला हातभार लावला असेल, तो लवकर ओढवला असेल, तर जबाबदार. उपटणे आणि बळावणे यांतला हा फरक आपल्या आयाबाया रोज करतात.

भरपाई मात्र अस्सल देशी शब्द, भरणे आणि पावणे यांच्या जोडीचा. ‘भरून पावलो’ यातला. गेलेला डोळा पैशाने भरून येत नाही, हे त्या शब्दालाही ठाऊक असावे.

तरी माणूस कोर्टाची पायरी चढायला कचरतो, कारण मराठीत दावा म्हणजे वैरही. दावा धरणे, दावा साधणे. मालक नि कामगार एकाच गल्लीतले असले की हा अर्थ जास्त बोचतो. मुळात अरबीत दावा म्हणजे हाक, मागणी. दुवा आणि दावत हे त्याच धातूचे. शिवाय 1923 च्या कायद्यात नुकसानभरपाईसाठी आयुक्तांकडे जे द्यायचे, त्याला अर्ज म्हटले होते. अर्ज हाही अरबीच, आणि त्याचा मूळ अर्थ समोर मांडणे एवढाच आहे.