उरला तो चार

रायपूरच्या उत्तरेला, बीरगावला लागून असलेल्या उरला या औद्योगिक वसाहतीचं नाव मराठी कानाला क्रियापदासारखं वाटतं. काय उरला, कोण उरला, असा प्रश्न पडतोच. गावाच्या नावाचा या क्रियापदाशी काही संबंध नाही, पण इथल्या आणि शेजारच्या सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांतून रोज जे उरतं त्याला मात्र एक मजेदार नाव आहे. ते म्हणजे डोलोचार.

स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे किंचित उतरती बसवलेली, संथ फिरणारी लोखंडी नळी. दिवसाला शंभर टन माल काढणारी अशी भट्टी साधारण ४२ मीटर लांब असते. एका टोकाने लोहखनिज, दगडी कोळसा आणि थोडा डोलोमाइट आत जातो. हजार अंशांच्या आसपास तापमानात खनिजातला प्राणवायू निघून जातो, पण लोखंड वितळत नाही. त्यात बारीक बारीक छिद्रं राहतात, म्हणून ते ‘स्पंज’. डोलोमाइट कोळशातलं गंधक ओढून घेतो. माल थंड झाला की तो चुंबकाच्या ड्रमवरून सोडतात. लोखंड चुंबकाला चिकटून एका बाजूला जातं, आणि न चिकटलेला काळा-करडा भुगा दुसऱ्या बाजूला पडतो. हा भुगा म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, राख आणि डोलोमाइट यांची भेसळ.

या भेसळीला नावही तसंच भेसळीचं मिळालं. डोलोमाइटमधला ‘डोलो’ घेतला, त्याला ‘चार’ म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा जोडला आणि शब्द तयार झाला. कोळशावर चालणारा स्पंज आयर्नचा धंदा भारतात फोफावला. त्याचा पहिला व्यापारी कारखाना १९८० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात पालोंचाला उभा राहिला. त्यामुळे हा शब्द इंग्रजी असला तरी त्याची सगळी ऊठबस आपल्याकडची. इंग्रजीत नवे शब्द कसे घडतात हे शिकवायला कुणी एकच नमुना मागितला, तर तो उरल्याच्या उकिरड्यावरून उचलून द्यावा, इतक्या युक्त्या या चार अक्षरांत भरल्या आहेत.

पहिली युक्ती माणसाच्या नावाची. देओदा द डोलोमिए हा फ्रेंच भूवैज्ञानिक. टायरॉलच्या डोंगरांत त्याला चुनखडीसारखा दिसणारा, पण आम्ल टाकल्यावर चुनखडीसारखा फसफसून न उठणारा दगड सापडला. १७९१ मध्ये त्याने त्याविषयी लिहिलं आणि पुढच्याच वर्षी सोस्यूर या शास्त्रज्ञाने त्या दगडाला डोलोमिएचं नाव दिलं. पुढे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवरून परतताना डोलोमिए पकडला गेला आणि १७९९ पासून १८०१ पर्यंत मेसिनाच्या कोठडीत सडला. तिथे दिव्याची काजळी शाई म्हणून वापरून, लाकडाच्या काडीने त्याने पुस्तकाच्या समासांत टिपणं लिहिली. सुटल्यावर काही महिन्यांतच तो वारला. काजळीने लिहिणाऱ्या माणसाचं अर्धं नाव आज काजळीच्याच ढिगाला चिकटून आहे.

दुसरी युक्ती उलट्या पावलांची. ‘चार’ म्हणजे जाळून कोळसा करणं हे क्रियापद आधी आणि ‘चारकोल’ नंतर, असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. चारकोल हा जुना शब्द, आणि त्यातल्या ‘चार’चा उगम काय यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. सतराव्या शतकात लोकांनी त्याचे दोन तुकडे पाडले आणि पुढच्या तुकड्याला क्रियापद करून टाकलं. ‘एडिटर’मधून ‘एडिट’ असंच निघालं. मटाराला पूर्वी ‘पीज’ म्हणत. त्यातला ‘ज’ अनेकवचनाचा असावा अशा समजुतीने तो काढून टाकला आणि ‘पी’ हा दाणा जन्मला.

तिसरी युक्ती डोलोमाइटचा ‘डोलो’ करणाऱ्या कातरीची, आणि तिचा कळस म्हणजे बस. लॅटिनमध्ये ‘ओम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. त्यातला अर्थाचा भाग ‘ओम्नि’ होता. इंग्रजीने नेमका तो कापून टाकला आणि शेपूट ठेवलं. म्हणजे एसटीने जाणारी मंडळी रोज लॅटिनच्या चतुर्थी बहुवचनाच्या प्रत्ययात बसून प्रवास करतात.

आणि चौथी युक्ती जोडकामाची. दोन शब्द एका पेटीत कोंबण्याच्या या प्रकाराला लुईस कॅरलने १८७१ मध्ये ‘पोर्टमँटो’ म्हणजे दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची उपमा दिली. ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’ हा शब्द १९०५ मध्ये लंडनमध्ये गाजला. गच्चीवरची काळी धूळ झाडणाऱ्या रायपूरकरांना तो समजावून सांगावा लागत नाही.

या सगळ्यांत न बसणारी पाचवी युक्ती म्हणजे सरळ चूक. तिचा नामी दाखलाही लोखंडाच्याच घराण्यातला आहे. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये दक्षिणेतल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि ‘वूट्झ’ हा शब्द इंग्रजीत रुळला. कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्यावरून ‘वूक’ लिहायचं होतं आणि शेवटच्या अक्षरांची गफलत झाली, असं बहुतेक कोशकार मानतात. चूक कुणी दुरुस्त केली नाही. फॅरडेने १८२० च्या सुमारास त्याच पोलादावर प्रयोग केले, तेही वूट्झ म्हणूनच.

शब्द घडवण्याचा अगदी वेगळा, शिस्तीचा कारखाना रायपूरच्याच एका मराठी माणसाने पाहिला होता. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने इंग्रजी शास्त्रीय संज्ञांना हिंदी प्रतिशब्द देणारा कोश हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राचा विभाग सप्र्यांकडे आला. १९०६ मध्ये तो कोश छापून झाला. मराठीत विचार करणारा माणूस इंग्रजी संज्ञांसाठी हिंदी शब्द शोधत बसला आहे, हे चित्र त्या काळच्या छत्तीसगडला अगदी शोभतं. ते काम मोलाचंच होतं, पण भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला समितीची वाट पाहता येत नाही. त्याला माल ओळखायला संध्याकाळच्या पाळीआधी नाव हवं असतं. डोलोचारला शुद्ध प्रतिशब्द देण्याच्या भानगडीत म्हणूनच कुणी पडलं नसावं.

छत्तीसगडात ‘चार’ हे एका जंगली झाडाचं आणि त्याच्या फळाचंही नाव आहे. विदर्भातही ते याच नावाने ओळखलं जातं. उन्हाळ्यात हे जांभळट-काळं, आंबटगोड फळ बाजारात येतं आणि त्याच्या बिया फोडून चारोळी काढतात. उरल्यात ट्रकवाल्याला चार कुठे मिळेल असं विचारलं, तर मात्र तो काळा भुगाच दाखवील. तो सगळाच फेकून देत नाहीत. त्यात जळायचा राहिलेला कोळसा असतो, म्हणून बॉयलरमध्ये घालून त्यावर वीज काढतात.