मक्ता आणि उत्तरदायित्व

केळना नदीच्या काठचे भोकरदन हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस दोन कारणांनी परिचित आहे. भोगवर्धन या प्राचीन नावाने ते सातवाहनांच्या काळी व्यापाराची पेठ होते. सांची व भारहूत येथील स्तूपांना ज्यांनी दान दिले, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख दगडावर कोरलेला आहे. दुसरे कारण अर्वाचीन आहे. 1803 साली याच गावाच्या आसमंतात, केळना व जुई या दोन नद्यांच्या दुआबात, आसई येथे लढाई झाली आणि दक्षिणेत मराठी सत्तेचे भवितव्य फिरले. त्या लढाईची हकीकत शाळेच्या पुस्तकांतून अनेकदा सांगितली जाते. परंतु तिच्यात युद्धशास्त्राहून निराळा असाही एक बोध आहे, आणि तो आजच्या व्यापाऱ्यांस व कारखानदारांस सेनापतींहून अधिक उपयोगी पडणारा आहे.

प्रश्न साधा आहे. आपले काम मोबदला देऊन दुसऱ्याच्या हाती सोपविले, म्हणजे त्या कामाची जबाबदारीही त्याच्याबरोबर गेली काय? आजच्या व्यापारी भाषेत अशा सोपवणुकीला आउटसोर्सिंग म्हणतात. शब्द नवा आहे. वस्तू फार जुनी आहे. मराठीत तिला मक्ता, इजारा, ठेका अशी नावे पूर्वीपासून आहेत, आणि मराठवाड्यात तर गुत्ता व गुत्तेदार हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतात.

मक्त्याची पद्धत मुळातच अनीतीची आहे, असे मात्र नव्हे. भोगवर्धनच्या भरभराटीच्या काळातला एक उत्तम मक्ता नाशिकच्या लेण्यांत आजही वाचावयास मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, आणि भिक्षूंच्या वस्त्रांची तरतूद स्वतः न करता गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे सोपविली. एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा दरशेकडा एक या व्याजाने ठेवले. दुसरीकडे 1000 कार्षापण पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे ठरले. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते. हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज 240 होते, आणि वीस जणांचे बारा बारा मिळूनही 240 च होतात. एका कवडीचीही चूक नाही. हा करार नगराच्या निगमसभेत जाहीर करण्यात आला, दप्तरात नोंदविण्यात आला, आणि वर दगडावर कोरण्यात आला.

या लेखातील मर्म असे की, करार दाता व श्रेणी या दोघांत झाला, तरी त्यात तिसऱ्याची गणना झालेली आहे. ज्याच्यासाठी काम करावयाचे, त्या भिक्षूचा वाटा आकड्यानिशी लिहिला आहे. आणि काम झाले की नाही, हे कोणाही नागरिकास पाहता यावे अशी सोय केली आहे. दात्याने काम सोपविले, पण नजर काढून घेतली नाही. मक्त्याची नीती म्हणून जे काही म्हणावयाचे, ते एवढ्यात आले.

आता या कसोटीवर आसईची लढाई घासून पाहावी. महादजी शिंदे यांनी 1784 साली सव्होयचा सरदार बेन्वा द ब्वान्य यास चाकरीस ठेवून कवायती पलटणे उभारण्यास आरंभ केला. ब्वान्यच्या शिस्तीचा लाभ त्यांस मिळाला, यात संशय नाही. 1790 साली पाटण व मेडता येथील लढाया या पलटणांच्या बळावर जिंकल्या गेल्या. आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या तोफा युरोपातील तोफांच्या तोडीच्या होत्या. परंतु या फौजेच्या खर्चासाठी गंगायमुनेच्या दुआबातील मुलूख सेनापतीकडेच लावून देण्यात आला. पैसा त्याने वसूल करावा, पगार त्याने वाटावा, अधिकारी त्याने नेमावे. धनी केवळ विजयाचा वाटेकरी राहिला. ब्वान्य 1796 साली युरोपास परतला आणि हा सारा कारभार पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हाती गेला. महादजी त्यापूर्वीच, 1794 साली, निवर्तले होते आणि गादीवर दौलतराव शिंदे हा तरुण होता. ज्याने करार केला त्याची नजर गेली; करार तेवढा उरला.

1803 साली कंपनीशी युद्ध जुंपले, तेव्हा या करारातील उणीव उघडी पडली. शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांनी ती चाकरी सोडून यावे, त्यांच्या निर्वाहाची तजवीज होईल, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलने काढला. बरेच अधिकारी निघून गेले. खुद्द पेराँने ऐन युद्धात राजीनामा दिला आणि इंग्रजांच्या परवान्याने त्यांच्या हद्दीतून सुखरूप वाट काढली. या माणसांस कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु स्वदेशाविरुद्ध शस्त्र धरण्यास इंग्रजाने नकार दिला, तर त्यात नवल ते कोणते? होळकरांच्या चाकरीतील तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी असाच नकार दिला, तेव्हा 1804 साली त्यांस देहान्त शासन झाले. खरा दोष असा की, चाकराचे हित व धन्याचे हित ज्या दिवशी परस्परांविरुद्ध उभे राहील, त्या दिवशी काय करावयाचे, हे करार करतेवेळी कोणी विचारलेच नव्हते.

23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदन व जाफराबाद यांच्या दरम्यान शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ पडला होता. कवायती पायदळाची धुरा हॅनोव्हरच्या पोलमन नामक सरदाराकडे होती. हा पूर्वी कंपनीच्या मुलखात आलेल्या एका हॅनोव्हरी पलटणीतील सार्जंट होता. सरधन्याच्या बेगम समरूचीही पलटणे फौजेत होती. म्हणजे मक्तेदाराच्या जोडीला दुसरा मक्तेदार, अशी ती रचना होती. समोर जनरल आर्थर वेलस्लीपाशी कंपनीची स्वतःची फौज अवघी साडेचार हजारांच्या आसपास होती. मराठ्यांकडे केवळ कवायती पायदळच दहा हजारांवर होते, आणि तोफा शंभराच्या घरात होत्या.

लढाईत काय झाले, ते इंग्रज लेखकांनीच नमूद करून ठेवले आहे. दोन्ही राजे लढाईच्या अखेरपर्यंत रणांगणावर राहिले नाहीत. घोडदळाने जोर केला नाही. पण गोलंदाज हलले नाहीत. इंग्रजी पायदळ तोफांपर्यंत येऊन भिडले, तरी ते आपापल्या तोफांशी उभे राहून मेले. काही जण मेल्याचे मिष करून पडून राहिले, आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा त्याच्या पाठीवर फिरविल्या. कंपनीच्या फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक ठार व जखमी झाले, ते मुख्यतः या तोफांमुळे. संध्याकाळपर्यंत 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

या गोलंदाजांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत. सेनापतींच्या करारात त्यांची मोजदाद नगाने होती, नावाने नव्हती. पेराँ आपली दौलत घेऊन युरोपास गेला. पोलमन पुढे कंपनीच्याच चाकरीत दिसतो. करारावर ज्यांची सही होती, त्यांस निघून जाण्याचा मार्ग मोकळा होता. ज्यांची सही नव्हती, ते केळनेच्या काठी राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांस दुआबातील मुलूख सोडून द्यावा लागला. ज्या मुलखाच्या बळावर फौज उभी राहिली, तो फौजेबरोबरच गेला.

वेलस्लीही मक्त्यावाचून लढला नाही, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. त्याचे धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांनी वाहून आणले. परंतु ज्यावर सैन्याचा प्राण अवलंबून, त्या तोफा ओढणाऱ्या बैलांसाठी त्याने केवळ भाडोत्री बैलांवर विसंबणे टाळले. म्हैसूरच्या अमृतमहाल खिल्लाराचे सरकारी बैल त्याच्यापाशी होते, आणि कोणता कूच किती कोसांचा याइतकेच बैलांच्या चंदीवरही त्याचे लक्ष असे. काय सोपवावे व काय हाती ठेवावे, हा विवेक एका बाजूस होता; दुसऱ्या बाजूस सर्वस्वच सोपविलेले होते.

लढाई झाली ती भूमी निजामाच्या राज्याच्या सीमेवरील होती, आणि पुढे भोकरदन त्याच राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात राहिले. त्या राज्याने तर संरक्षणाचाच मक्ता कंपनीस दिला होता. 1798 च्या तहाने निजामाने आपली फ्रेंच पलटणे मोडली आणि कंपनीची तैनाती फौज वर्षाला चोवीस लाखांवर रुपये देऊन ठेवली. दोनच वर्षांनी, 1800 साली, त्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा वगैरे जिल्हे कायमचे तोडून द्यावे लागले. त्यावरही भागले नाही. कॉन्टिंजन्ट म्हणून आणखी एक फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाचा. पगार भागविण्यासाठी हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढावे लागले. अखेर 1853 साली थकलेल्या रकमेपोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि 1902 साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो त्यांस कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. स्वतःच्या घराच्या पहारेकऱ्याचा पगार देता देता घराची एक एक खोली जावी, तशातला हा प्रकार झाला.

हा पैसा येत होता कोठून? कुणब्याच्या खळ्यातून. सरकारास रोकड हवी म्हणून जमाबंदीची वसुली इजाऱ्याने देण्यात येई; जो अधिक रकमेची बोली करी, त्यास तालुका मिळे. इजारदाराची मुदत थोडी, म्हणून त्याची घाई मोठी. कुणबी गाऱ्हाणे घेऊन गेला, तर सरकार इजारदाराकडे बोट दाखवी आणि इजारदार सरकारच्या बोलीकडे. या दोन बोटांच्या मध्ये तो सापडला होता. 1853 साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ही इजारदारी क्रमाक्रमाने मोडीत काढली, आणि 1865 साली जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले. वसुलीचे काम सरकारच्या हाती परत आले, तेव्हाच गाऱ्हाणे ऐकण्याचे कामही परत आले.

ही दोन बोटे आजही दिसतात. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेथे शिवले जाणारे कपडे युरोप-अमेरिकेतील मोठ्या दुकानांत जात होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरीही मालाची मुदत गाठावयाची म्हणून शिवणाऱ्यांस आत पाठविण्यात आले. ज्यांच्या नावाची चिठ्ठी कपड्यावर लागणार होती, ते सहस्रावधी कोसांवर होते. त्यानंतर मात्र अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांशी बंधनकारक करार केला आणि पुरवठादारांच्या इमारतींची तपासणी आपल्या अंगावर घेतली. निगमसभेतील नोंदीचे महत्त्व इतक्या मोलाने पुन्हा शिकावे लागले.

आपल्या घराजवळचे उदाहरण उसाचे आहे. मराठवाड्यातून दर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणारी कुटुंबे कारखान्याचे काम करतात. पण त्यांस उचल देतो तो मुकादम. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. इजा झाली, बाळंतपण आले, मुलांची शाळा बुडाली, तर जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. आसईच्या गोलंदाजाची नगाने मोजदाद होती, आणि येथे माणसे कोयत्याने मोजली जातात.

भारतात 1970 साली कंत्राटी कामगारांविषयी जो कायदा झाला, त्यात एक मोलाचे तत्त्व घातले गेले. कंत्राटदाराने मजुरी चुकती केली नाही, तर मूळ मालकाने ती द्यावी आणि मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करून घ्यावी, असे ते तत्त्व होते. कायद्याच्या रुक्ष भाषेत मांडलेली ही मोठीच नीती आहे. भांडण मालक व मक्तेदार यांनी आपसात करावे. मजुराची चूल त्यासाठी विझता कामा नये.

सर्व कामे स्वतः करणे कोणासही शक्य नाही. उषवदात स्वतः मागावर बसला नाही, आणि बसावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. सोपविणाऱ्याने तीन गोष्टी मात्र आपल्यापाशी ठेवावयाच्या असतात: मोबदला एवढा की त्यात काम करणाऱ्याचे पोट भागेल, नजर एवढी की कामाच्या जागी काय चालले आहे ते दिसेल, आणि दोष पदरी घेण्याची तयारी. पहिल्या दोन गोष्टींस खर्च लागतो, म्हणून त्या टाळल्या जातात. तिसरीस धैर्य लागते, म्हणून ती अधिकच टाळली जाते.

आसईच्या शिवारात आज पेरण्या होतात, कापूस वेचला जातो, केळनेला पावसाळ्यात पाणी येते. तेथे जे पडले, त्यांनी आपले काम पुरे केले होते. ज्यांनी त्यांना कामास लाविले, त्यांचे काम तेवढे अपुरे राहिले.